गाडगेबाबांची धर्मचिकित्सा

डेबूजी झिंगराजी जाणोरकर ऊर्फ गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी कीर्तनांतून देव, पोथी व रूढींना घातलेले प्रश्न. वऱ्हाडातील शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव. नवसाचा बकरा, कर्ज काढून केलेले सण, शिवाशिव यांविषयी ते श्रोत्यांनाच विचारीत आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आपल्याच रूढीचे समर्थन करताना माणूस अडखळतो, हे त्यांनी नेमके हेरले होते. मुखी हरिनाम असणाऱ्याला चिकित्सक कसे म्हणावे, असा आक्षेप घेता येतो. तो टिकत नाही : नाम घेतानाही नीतीची कसोटी त्यांनी पोथीत न शोधता भुकेल्याच्या पोटाशी लावली. लोकवर्गणीतून त्यांनी देवळे नव्हे, धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांपैकीच एक.