व्हर्च्युअल मशीनमध्ये शेअर्ड फोल्डर दिसत नाही? कारणं आणि उपाय, एकेक पायरी

कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी विंडोजच्या लॅपटॉपवर उबुंटू चालवायचं असतं, किंवा जुन्या विंडोजवरच चालणारं एखादं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर अजून लागत असतं. अशा वेळी अनेक जण व्हर्च्युअल मशीन वापरतात. मशीन सुरू होतं, सॉफ्टवेअरही चालतं. अडतं ते फाइल इकडून तिकडे नेताना. शेअर्ड फोल्डर तयार केला तरी तो आत दिसत नाही, किंवा दिसतो पण उघडत नाही.

या लेखात आपण व्हर्च्युअलबॉक्स या मोफत सॉफ्टवेअरमधल्या शेअर्ड फोल्डरच्या नेहमीच्या अडचणी आणि त्यांचे उपाय पाहणार आहोत. इनोटेक या जर्मन कंपनीनं २००७ मध्ये ते बाजारात आणलं. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. शेवटी व्हीएमवेअरबद्दलही थोडी माहिती आहे.

थोडक्यात महत्त्वाचं

- शेअर्ड फोल्डर चालायला तीन गोष्टी लागतात: बाहेरच्या कॉम्प्युटरवर योग्य सेटिंग, आतल्या मशीनमध्ये गेस्ट अ‍ॅडिशन्स आणि आतल्या युजरला परवानगी.
- तपासणी याच क्रमानं करा. निम्मा वेळ वाचेल.
- शेअर्ड फोल्डर म्हणजे कॉपी नव्हे. आत पुसलेली फाइल बाहेरूनही जाते.

शेअर्ड फोल्डर म्हणजे नेमकं काय?

आधी दोन शब्द समजून घेऊ. तुमचा खरा कॉम्प्युटर म्हणजे होस्ट. त्याच्या आत चालणारं व्हर्च्युअल मशीन म्हणजे गेस्ट. गेस्टला स्वतःची वेगळी डिस्क असते, त्यामुळे होस्टवरच्या फाइल त्याला एरवी दिसत नाहीत.

शेअर्ड फोल्डर म्हणजे होस्ट आणि गेस्टच्या मधल्या भिंतीत केलेलं दार. फाइल होस्टच्या डिस्कवरच राहतात, गेस्टला त्या दारातून आत-बाहेर करता येतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये या दाराचा इंटरनेटशी किंवा वायफायशी काहीही संबंध नसतो. गेस्टचं नेटवर्क पूर्ण बंद असलं तरी शेअर्ड फोल्डर चालतो. त्यामुळे फोल्डर दिसत नाही म्हणून राउटर रिस्टार्ट करण्यात अर्थ नाही.

सुरू करण्याआधी हे करा

महत्त्वाच्या कागदपत्रांचा किंवा फोटोंचा मूळ फोल्डर थेट शेअर करू नका. होस्टवर एक नवा, रिकामा फोल्डर तयार करा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, एका शब्दाचं आणि मध्ये मोकळी जागा नसलेलं ठेवा. त्यात चाचणीसाठी एखादी साधी टेक्स्ट फाइल टाका. अडचण सुटेपर्यंत सगळे प्रयोग याच फोल्डरवर करा.

पायरी १: होस्टवरचं सेटिंग तपासा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये आपलं मशीन निवडा, सेटिंग्जमध्ये जा आणि शेअर्ड फोल्डर्स उघडा. तिथे या गोष्टी पाहा.

- फोल्डर पाथ: हा होस्टवरचा खरा पत्ता. फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर असेल आणि ड्राइव्हचं अक्षर बदललं असेल, तर पत्ता चुकतो. विंडोजमध्ये वनड्राइव्ह सुरू असेल तर डेस्कटॉपचा खरा पत्ता वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेला असू शकतो.
- फोल्डर नेम: गेस्टमध्ये फोल्डर याच नावानं ओळखला जातो. ते होस्टवरच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. पुढे लागणार असल्यानं जसंच्या तसं लिहून ठेवा.
- ऑटो-माउंट: ही खूण केलेली हवी. नाहीतर गेस्ट सुरू झाल्यावर फोल्डर आपोआप जोडला जात नाही.
- रीड-ओन्ली: ही खूण असेल तर फाइल वाचता येते, पण बदलता येत नाही. ‘सेव्ह होत नाही’ या तक्रारीचं कारण कधी कधी एवढंच असतं.
- परमनंट: मशीन चालू असताना फोल्डर जोडला तर तो कायम ठेवायचा का, असा पर्याय येतो. तो निवडला नाही तर मशीन बंद झाल्यावर फोल्डर यादीतून जातो. ‘काल होता, आज नाही’ याचं हे नेहमीचं कारण.

होस्ट मॅक असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. मॅकओएसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरसाठी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात व्हर्च्युअलबॉक्सला ती दिली आहे का ते तपासा.

पायरी २: गेस्ट अ‍ॅडिशन्स आहेत का?

सर्वाधिक अडचणी इथेच असतात. गेस्टमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमला हे दार ओळखता यावं म्हणून तिच्यात एक जादा सॉफ्टवेअर टाकावं लागतं. त्याचं नाव गेस्ट अ‍ॅडिशन्स. ते होस्टवर नाही, गेस्टमध्ये टाकायचं असतं.

इथे अनेकांचा एक गोंधळ होतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या साइटवर एक्स्टेन्शन पॅक नावाची वेगळी गोष्ट मिळते. ती होस्टवर टाकतात आणि तिची गरज वेगळ्या कामांसाठी असते. शेअर्ड फोल्डरसाठी ती लागत नाही.

गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकायची पद्धत अशी:

१. गेस्ट सुरू करा. खिडकीच्या वरच्या मेनूतून डिव्हाइसेसमध्ये जाऊन इन्सर्ट गेस्ट अ‍ॅडिशन्स सीडी इमेज निवडा.

२. गेस्टमध्ये एक सीडी दिसू लागेल. गेस्ट विंडोज असेल तर त्या सीडीतला सेटअप चालवा.

३. गेस्ट उबुंटू असेल तर आधी जीसीसी, मेक, पर्ल आणि चालू कर्नलचे हेडर्स टाकून घ्या, कारण लिनक्सवर हे मॉड्यूल जागेवरच तयार होतं. मग सीडीतली लिनक्ससाठीची फाइल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं चालवा.

४. गेस्ट रिस्टार्ट करा. ही पायरी टाळू नका.

होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केलं की गेस्ट अ‍ॅडिशन्सही त्याच आवृत्तीच्या करून घ्या.

पायरी ३: लिनक्समध्ये फोल्डर दिसतो, पण उघडत नाही

उबुंटूसारख्या सिस्टिममध्ये आपोआप जोडलेला फोल्डर सहसा मीडिया या फोल्डरमध्ये सापडतो. त्याच्या नावापुढे एसएफ आणि अंडरस्कोर लागलेलं असतं. त्यावर क्लिक केल्यावर ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर घाबरू नका. जोडणी झालेली आहे, फक्त परवानगी राहिली आहे.

हा फोल्डर रूट युजर आणि व्हीबॉक्सएसएफ नावाचा ग्रुप यांनाच उघडता येतो. तुमचा युजर त्या ग्रुपमध्ये घालावा लागतो. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये एकेक जागा सोडून टाइप करा: सुडो, अ‍ॅडयूजर, तुमचं युजरनेम, व्हीबॉक्सएसएफ. ग्रुपचं नाव सलग लिहायचं असतं.

नंतर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करा, किंवा मशीन रिस्टार्ट करा. ग्रुपमधला बदल नव्या लॉगिनपासूनच लागू होतो. कमांड बरोबर दिली तरी उपयोग झाला नाही, असं वाटण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

असा ग्रुपच नाही असा संदेश आला, तर गेस्ट अ‍ॅडिशन्स नीट बसलेल्या नाहीत. पायरी २ पुन्हा करा.

चमॉड किंवा चओन या कमांड वापरून परवानगी बदलायचा प्रयत्न इथे करू नका. या फोल्डरची मालकी आणि परवानग्या तो जोडला जातानाच ठरतात.

पायरी ४: हातानं जोडून पाहा

ऑटो-माउंट काम करत नसेल तर लिनक्समध्ये फोल्डर हातानं जोडता येतो. आधी होम फोल्डरमध्ये एक रिकामा फोल्डर तयार करा. त्याचं नाव शेअर्ड फोल्डरच्या नावापेक्षा वेगळं ठेवा. मग कमांडचे भाग या क्रमानं द्या: सुडो, माउंट, हायफन टी, व्हीबॉक्सएसएफ, सेटिंगमधलं फोल्डर नेम आणि शेवटी रिकाम्या फोल्डरचा पत्ता.

यावर येणारा संदेश बरंच सांगून जातो.

- नो सच डिव्हाइस: कर्नलमध्ये लागणारं मॉड्यूल लोड झालेलं नाही. गेस्ट अ‍ॅडिशन्स पुन्हा टाका.
- राँग एफएस टाइप: माउंट करायला लागणारा भाग सापडत नाही. इथेही गेस्ट अ‍ॅडिशन्सच तपासा.
- प्रोटोकॉल एरर: बहुधा फोल्डर नेम चुकलं आहे. पायरी १ मध्ये लिहून ठेवलेलं नाव ताडून पाहा. होस्टवरचा पूर्ण पत्ता द्यायचा नसतो, फक्त नाव द्यायचं असतं.

पायरी ५: गेस्ट विंडोज असेल तर

विंडोजमध्ये ऑटो-माउंट केलेल्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर मिळतं आणि तो ‘धिस पीसी’मध्ये नेटवर्क लोकेशनखाली दिसतो. तिथे नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा, मग व्हीबॉक्सएसव्हीआर, मग एक उलटी तिरपी रेघ आणि फोल्डर नेम टाइप करून एंटर दाबा. फोल्डर उघडला तर जोडणी ठीक आहे, फक्त ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नाही. नाही उघडला तर गेस्ट अ‍ॅडिशन्स पुन्हा टाका.

अपडेटनंतर फोल्डर गायब झाला?

लिनक्स गेस्टमध्ये कर्नल अपडेट झाला की जुन्या कर्नलसाठी बनलेलं मॉड्यूल नव्यावर चालेलच असं नाही. नव्या कर्नलचे हेडर्स टाकून गेस्ट अ‍ॅडिशन्स पुन्हा इन्स्टॉल करा. डेटा कुठेही गेलेला नसतो, तो होस्टवरच्या मूळ फोल्डरमध्ये सुरक्षित असतो.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी

शेअर्ड फोल्डरमध्ये एनपीएमनं पॅकेज टाकताना एरर येत असेल, तर कारण सिमलिंक असू शकतं. सुरक्षेसाठी व्हर्च्युअलबॉक्स गेस्टला शेअर्ड फोल्डरमध्ये सिमलिंक तयार करू देत नाही. सर्वात सोपा उपाय म्हणजे प्रोजेक्ट गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा आणि तयार फाइल तेवढ्या शेअर्ड फोल्डरमध्ये आणा. डेटाबेसच्या फाइलही शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका. पोस्टग्रेसक्यूएलसारख्या डेटाबेसला फोल्डरची मालकी स्वतःकडे हवी असते, ती इथे मिळत नाही.

व्हीएमवेअर वापरत असाल तर

तत्त्व तेच, नावं वेगळी. गेस्ट अ‍ॅडिशन्सच्या जागी व्हीएमवेअर टूल्स असतात, लिनक्सवर ओपन व्हीएम टूल्स हे पॅकेज वापरतात. लिनक्स गेस्टमध्ये फोल्डर एमएनटीच्या आत एचजीएफएस या नावाखाली दिसतात.

सर्वात महत्त्वाचं: फाइल गमावू नका

फोल्डर दिसू लागला की बहुतेक जण थांबतात. खरी काळजी तिथूनच घ्यायची असते.

गेस्टमधून शेअर्ड फोल्डरमधली फाइल पुसली, तर ती होस्टच्या डिस्कवरूनच जाते आणि होस्टच्या रीसायकल बिनमध्ये सापडत नाही. ‘काही बिघडलं तर स्नॅपशॉट आहेच’ या भरवशावरही राहू नका. स्नॅपशॉटमध्ये गेस्टची स्वतःची डिस्क जपली जाते. शेअर्ड फोल्डर त्यात नसतो, त्यामुळे जुना स्नॅपशॉट परत आणला तरी पुसलेली फाइल परत येत नाही.

संशयास्पद सॉफ्टवेअर तपासण्यासाठी व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांनी तर आधी शेअर्ड फोल्डर काढून टाकावा. आत रॅन्समवेअर चाललं आणि फोल्डरला लिहिण्याची परवानगी असली, तर होस्टवरच्या त्या फाइलही लॉक होऊ शकतात. इंटरनेट बंद ठेवल्यानं हा धोका टळत नाही, कारण हे दार नेटवर्कवर अवलंबूनच नाही.

नेहमीचे प्रश्न

पूर्ण सी ड्राइव्ह शेअर केला तर चालेल का?
तांत्रिकदृष्ट्या करता येतं, पण करू नका. एक चुकीची कमांड तुमचा सगळा डेटा पुसू शकते.

फक्त फाइल आत न्यायच्या आहेत, बाहेर आणायच्या नाहीत. काय करू?
रीड-ओन्लीची खूण करा.

शेअर्ड फोल्डर यादीतून काढला तर होस्टवरच्या फाइल जातात का?
नाही. फक्त दार बंद होतं. फाइल होस्टवर जागच्या जागी राहतात.

सगळं करूनही जमत नाही, काम मात्र आज हवंय. काय करू?
पेन ड्राइव्ह डिव्हाइसेसमधल्या यूएसबी मेनूतून गेस्टला जोडा, किंवा गेस्टमधल्या ब्राउझरमधून क्लाउड ड्राइव्हवर फाइल चढवा. काम झाल्यावर शांतपणे पायरी १ पासून पुन्हा तपासा.