मुदत संपलेली प्रमाणपत्रे : सर्व्हर-सुरक्षेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना :
समोरचा सर्व्हर खरा आहे, याची ग्वाही त्याचे सुरक्षा-प्रमाणपत्र देते. १९८८ च्या एक्स.५०९ या मानकाने प्रमाणपत्रात प्रारंभाबरोबरच समाप्तीची तारीखही नोंदविण्याची तरतूद केली. नेटस्केप कंपनीच्या एस.एस.एल. पद्धतीमुळे १९९५ पासून ही प्रमाणपत्रे संकेतस्थळांवर रूढ होत गेली. समाप्तीच्या तारखेवरील देखरेख मात्र ज्याच्या त्याच्या दक्षतेवर राहिली. प्रस्तुत लेखात दोन घटनांच्या आधारे तिचे परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

उघड बिघाड :
६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओ-टू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची मोबाइल डेटा-सेवा बंद पडली. जपानमध्ये सॉफ्टबँकेच्या ग्राहकांनाही त्याची झळ पोहोचली. एरिक्सन कंपनीने पुरविलेल्या सॉफ्टवेअरमधील प्रमाणपत्राची मुदत संपणे, हे त्याचे मुख्य कारण ठरले. नुकसान मोठे होते. परंतु ते तत्काळ दिसले, म्हणून उपायही लगेच सुरू झाला.

मूक बिघाड :
अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती संस्थेत याउलट घडले. तेथील सांकेतिक वाहतूक तपासणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वीच कालबाह्य झाले होते. उपकरणाने वाहतूक अडविली नाही. ती न तपासताच पुढे जाऊ दिली. त्यामुळे मे २०१७ मध्ये शिरलेले घुसखोर सुमारे अडीच महिने अदृश्य राहिले. २९ जुलै रोजी नवे प्रमाणपत्र बसविताच संशयास्पद वाहतूक नजरेस आली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती बाहेर गेली होती. घुसखोरी अन्य त्रुटीतून झाली, हे खरे. पण ती लपून राहण्यास हे प्रमाणपत्र कारणीभूत ठरले.

निष्कर्ष :
२०१५ मध्ये सुरू झालेल्या लेट्स एन्क्रिप्टने ९० दिवसांची प्रमाणपत्रे व स्वयंचलित नूतनीकरण रूढ केले. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र-संस्था व ब्राउझर-निर्मात्यांच्या मंचाने सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणण्याचे ठरविले. मात्र स्वयंचलन म्हणजे देखरेख नव्हे. नवे प्रमाणपत्र मिळूनही सर्व्हर जुनेच दाखवीत राहू शकतो. म्हणून सर्व्हर प्रत्यक्ष सादर करतो त्या प्रमाणपत्राची तारीख स्वतंत्र यंत्रणेने नियमित वाचणे आवश्यक ठरते. तसेच बाहेरून न दिसणाऱ्या अंतर्गत उपकरणांच्या प्रमाणपत्रांचीही नोंदवही हवी. सेवा बंद पडल्यास ग्राहक तक्रार करतो. पहारा बंद पडल्यास तक्रार करणारा कोणीच नसतो, हाच या इतिहासाचा धडा होय.