पुनरावृत्त रकान्याची कुळकथा

एका माणसाच्या नोंदीत मुले चार, नोकऱ्या तीन आणि प्रत्येक नोकरीतील पगारवाढी पाच असतील, तर हा वारंवार येणारा तपशील कोठे मांडावा, हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. दफ्तर ठेवणाऱ्या प्रत्येक कारकुनाने तो आपापल्या परीने सोडवला असला पाहिजे. परंतु त्याला नियमाचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ते एका गणितज्ञाच्या हातून.

त्याआधीची रीत यंत्राच्या मर्यादेतून निघाली होती. आयबीएम कंपनीने 1928 साली आणलेल्या छिद्रपत्रावर 80 स्तंभ असत आणि ते आधीच वाटून द्यावे लागत. मुलांसाठी तीन जागा राखल्या, तर चौथ्या मुलाला ठाव नाही आणि एकुलत्या एका मुलाच्या घरी दोन जागा कायमच्या रिकाम्या. पुढे कोबोल भाषेत 'ऑकर्स' या कलमाची सोय झाली आणि अमुक रकाना इतक्या वेळा येईल असे एका शब्दात सांगता येऊ लागले. पण घडण तीच राहिली, मालकाच्या नोंदीच्या पोटात तपशिलाची रांग. 1966 पासून अपोलो मोहिमेतील सुट्या भागांच्या प्रचंड याद्यांसाठी घडवलेल्या आयएमएस या प्रणालीने या रांगेचा वृक्ष केला: वर मुख्य भाग, त्याखाली उपभाग, त्याखाली त्यांचे उपभाग. ज्याला मुळापासून पानापर्यंत उतरायचे आहे, त्याला ही मांडणी फार सोयीची. ज्याला पानाकडून मुळाकडे जायचे आहे, त्याची मात्र वाट बिकट.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म 1923 साली इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डला गणिताचे अध्ययन, महायुद्धात वैमानिकाची कामगिरी, आणि नंतर आयबीएमची नोकरी असा त्यांचा प्रवास आहे. त्या कंपनीच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत असताना, 1969 च्या अंतर्गत अहवालानंतर, जून 1970 मध्ये त्यांनी 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात अकरा पृष्ठांचा एक निबंध प्रसिद्ध केला, आणि आजच्या बहुतेक माहितीसाठ्यांचे कूळ तेथे जाऊन मिळते.

त्या निबंधाच्या आरंभी सुटे भाग आणि प्रकल्प यांचे एक साधे उदाहरण आहे. कोणता भाग कोणत्या प्रकल्पासाठी किती राखून ठेवला, एवढीच माहिती. पण ती पाच तऱ्हांनी मांडता येते. भागाखाली प्रकल्प ठेवा, प्रकल्पाखाली भाग ठेवा, दोघांना समान मान देऊन राखणीची नोंद यांच्यापैकी एकाच्या पदरी घाला, नाही तर तिघांनाही स्वतंत्र ठेवा. यांपैकी कोणतीही एक मांडणी गृहीत धरून, 'अमुक प्रकल्पाला लागणारे सारे भाग सांगा' या प्रश्नासाठी कार्यक्रम लिहिला, तर तो उरलेल्या चारांपैकी निदान तीन मांडण्यांवर निकामी ठरतो, हे कॉड यांनी दाखवून दिले. आपल्याकडे सातबाऱ्यात जमिनीखाली खातेदारांची नावे येतात आणि आठ-अ मध्ये खातेदाराखाली त्याच्या जमिनी. हकीकत एकच, पण एका कागदाला सहज जाणारा प्रश्न दुसऱ्याला जड जातो, तसाच हा प्रकार. पोटात रांग ठेवणारी प्रत्येक मांडणी एका विशिष्ट प्रश्नकर्त्याची बाजू आधीच घेऊन बसते, हे रांग पोटात न ठेवण्याच्या नियमाचे खरे बीज होय, आणि जागेची बचत हे त्याचे कारण समजणारे मुद्दा गमावतात असे मला वाटते.

उपाय त्यांनी कर्मचाऱ्याच्या नोंदीवर करून दाखवला. कर्मचाऱ्याचा क्रमांक, नाव, जन्मतारीख, आणि पोटात नोकरीचा इतिहास व मुले. नोकरीच्या इतिहासाच्या पोटात पुन्हा पगाराचा इतिहास. वरच्या कोष्टकाची किल्ली, म्हणजे कर्मचाऱ्याचा क्रमांक, घ्यावी आणि खालच्या प्रत्येक कोष्टकात ती घालावी. मग वरून पोटातली रांग काढून टाकावी. आणि हेच एकेक पायरी उतरत करीत जावे. शेवटी चार सपाट कोष्टके उरतात. त्यांतील पगाराच्या कोष्टकात कर्मचाऱ्याचा क्रमांक, नोकरीची तारीख आणि पगाराची तारीख हे तिन्ही मिळून किल्ली होतात, आणि प्रत्येक ओळ आपला मालक कोण हे स्वतःच सांगते. प्रत्येक घरात एकच अविभाज्य मूल्य, या अटीला पुढे 'फर्स्ट नॉर्मल फॉर्म' म्हणू लागले. कॉड यांना यात आणखी एक लाभ दिसत होता: कोष्टके अशी सपाट असली, तर त्यांना विचारायच्या प्रश्नांसाठी प्रथम श्रेणीचे विधेय-तर्कशास्त्र पुरते. एसक्यूएल या प्रश्नभाषेची उभारणी याच पायावर झाली आहे.

तरीही 'दूरध्वनी 1', 'दूरध्वनी 2', 'दूरध्वनी 3' असे रकाने ग्राहकांच्या कोष्टकात आजही आढळतात. अमुक क्रमांक कोणाचा, असे विचारायचे झाले की प्रश्नात 'किंवा' घालून तिन्ही रकाने तपासावे लागतात, आणि चौथा रकाना वाढवला की जुना प्रत्येक प्रश्न दुरुस्त करावा लागतो. स्वल्पविरामांनी जोडून सगळे एकाच घरात कोंबले, तर अधिकच अनर्थ: 12 शोधताना 112 हाती लागतो, आणि सूची असूनही सगळे कोष्टक चाळावे लागते. ग्राहक क्रमांक आणि दूरध्वनी अशा दोनच रकान्यांचे वेगळे कोष्टक केले, म्हणजे शोध एका अटीत होतो, मोजदाद होते, आणि तोच क्रमांक दोनदा नोंदला जाणार नाही अशी तजवीजही करता येते. दोन कोष्टके पुन्हा जुळवावी लागतात, हा खर्च खरा. पण तो यंत्राने सोसायचा आहे.

या नियमाला विरोधही विद्वानांकडूनच झाला. पोटातली कोष्टके मान्य करणारी प्रारूपे 1977 पासून मांडली जाऊ लागली, 1999 च्या एसक्यूएल मानकाने घरात रांग ठेवण्यास मुभा दिली, आणि 2010 साली गूगलच्या अभियंत्यांनी वर्णिलेल्या ड्रेमेल प्रणालीत तर पुनरावृत्त रकाना हा घडणीचाच भाग आहे. जी रांग एकदा लिहून झाल्यावर बदलत नाही आणि बहुधा आपल्या मालकासहच वाचली जाते, तिच्यासाठी ही सोय रास्त आहे. परंतु रांगेतील एकेका घटकाविषयी कोणी स्वतंत्रपणे विचारील, तो बदलील किंवा मोजील अशी शक्यता दिसत असेल, तर आरेखकांनी कॉड यांचीच वाट धरावी. रकान्याच्या नावापुढे 1, 2, 3 असे आकडे घालण्याची वेळ आली, की तेथेच थांबून नवे कोष्टक उघडावे.