बार्शी रोडची कुर्डुवाडी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला आणि मला कुर्डुवाडी आठवली. बँकेच्या नोकरीत मी तिथे तीन वर्षं काढली.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातलं कुर्डू हे जुनं गाव आणि ही त्याची वाडी. 1859 मध्ये मुंबईहून सोलापूरकडे निघालेली जी.आय.पी. रेल्वे इथवर आली. स्टेशनला नाव मात्र दिलं 'बार्शी रोड'! वाडीशी रेल्वेला काय देणंघेणं? तिचं लक्ष सुमारे 35 किलोमीटरवरच्या बार्शीच्या कापूस बाजारावर.

1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शीपर्यंत अडीच फुटी छोटी लाईन टाकली. रूळ हलके, एका आसावर भार जास्तीत जास्त 5 टन, त्यामुळे खर्च बेताचा. ही गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली.

पण मोठी लाईन होती साडेपाच फुटी. तिच्यावर छोटीचा डबा चालणार कसा? म्हणजे प्रत्येक पोतं इथे उतरवायचं आणि दुसऱ्या गाडीत चढवायचं. मुंबई-पुण्याकडून पंढरीला निघालेला माणूसही इथेच उतरून गाडी बदलणार. मग हमाल आले, चहावाले आले, रेल्वेची माणसं आली, त्यांची क्वार्टर्स झाली, दुरुस्तीचा कारखाना झाला. लोकांची गैरसोय झाली, पण त्यातूनच वाडीचं गाव झालं!

पगाराच्या दिवशी कारखान्यातले कामगार आमच्या काउंटरवर गर्दी करत. बोलता बोलता कळायचं, कुणाचे आजोबा कुठून आलेले, कुणाचे कुठून. पण "गाव कोणतं?" विचारलं की उत्तर एकच, "इथलंच की साहेब!"

छोटी लाईन 1954 मध्ये सरकारने घेतली. 2000 नंतर ती टप्प्याटप्प्याने रुंद झाली. आता लातूरची गाडी थेट पुढे जाते, पोतं उतरवायला नको की माणसाला उतरायला नको. ज्या कारणासाठी गाव वसलं तेच संपलं. गाव मात्र उठून गेलं नाही. कारखान्यालाही मोठ्या लाईनचं काम मिळालं.

आपणही 25 वर्षांपूर्वी कुणी नोकरीसाठी, कुणी बदली होऊन इथे आलो. माझी तर नोकरीही कधीच संपली. पण परवा नातवाला कुणीतरी गाव विचारलं, तर त्याने सरळ आपल्या सोसायटीचं नाव सांगितलं. मी काही त्याला दुरुस्त केलं नाही.