कट-कट आणि अडीचशे वर्षांचा प्रश्न

गेल्या महिन्यात ऑफिसच्या बेसमेंटमधून गाडी वर काढत होतो. रॅम्पच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं आणि पुढून आवाज आला. कट-कट-कट-कट. गाडी सरळ झाली, आवाज गायब. म्हटलं, टायरमध्ये खडा अडकला असेल. (आपण सगळे आधी खड्यालाच दोष देतो.)

खडा नव्हता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पाच मिनिटं गाडी फिरवली आणि 'सर, स्टिअरिंग रॅक बदलावी लागेल' असं सांगून जो आकडा टाकला तो माझ्या एका ईएमआयपेक्षा मोठा होता. मी 'सांगतो' म्हणून सटकलो. दिवसभर कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला एवढं तर जमायला हवं ना?

रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात गेलो. आधी चाकाचे नट तपासले, घट्ट होते. मग मित्राला बाहेर उभं केलं आणि फुल लॉकवर हळूहळू गोल चकरा मारल्या. सरळ चालवताना शांतता. खड्ड्यातून गेलं तरी शांतता, म्हणजे लिंक रॉड किंवा सस्पेन्शनवर संशय कमी. उजवीकडे वळून थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की डाव्या चाकाकडून कट-कट. वेग वाढला की कट-कट वाढते. आणि मुख्य म्हणजे क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली की आवाज जवळजवळ बंद! इंजिन ओढतंय की नाही याच्याशी स्टिअरिंग रॅकला काय देणंघेणं? आरोपी सापडला: बाहेरचा सीव्ही जॉइंट.

तर मंडळी, हा सीव्ही जॉइंट म्हणजे काय, ते वाचता वाचता माझा अख्खा वीकेंड गेला.

प्रश्न साधा आहे. फिरणारा दांडा मध्येच वाकवायचा, पण त्याचं फिरणं पुढे पोचवायचं. अकरावीच्या फिजिक्समधला तो स्प्रिंगवाला रॉबर्ट हूक, त्यानेच १६७६ च्या सुमारास सूर्य बघायच्या उपकरणांवरच्या आपल्या पुस्तकात याचं उत्तर मांडलं: दोन दांड्यांच्या टोकांना कड्या आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. गॅरेजमध्ये याला आजही क्रॉसच म्हणतात. पण यात एक खोट आहे. पुढचा दांडा एकसारखा फिरत नाही. समजा कोन ३० अंशांचा आहे आणि अलीकडचा दांडा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरतोय. पलीकडचा दांडा त्याच एका फेरीत दोनदा ८६६ पर्यंत मंदावतो आणि दोनदा ११५५ पर्यंत पळतो. सरासरी हजारच, पण सरासरीवर गाडी चालत नाही, स्टिअरिंग हातात थरथरतं.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हे खपून जातं. कोन लहान असतो आणि दोन क्रॉस नीट बसवले तर एकाची चूक दुसरा खोडतो. आपल्या अँबॅसडर आणि पद्मिनी अशाच जन्मभर चालल्या. पण पुढचं चाक ओढणारंही हवं आणि वळणारंही हवं म्हटलं की हूकसाहेबांचा क्रॉस उघडा पडतो.

हूकनंतर जवळपास अडीचशे वर्षांनी, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, दोन ठिकाणी उत्तरं निघाली. फ्रान्समध्ये ग्रेगॉर आणि फेनाय यांनी 'ट्राक्ता' जॉइंट केला, आणि ग्रेगॉर १९२७ मध्ये तो बसवलेली गाडी घेऊन स्वतः ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. (टेस्टिंग असावं तर असं.) अमेरिकेत फोर्डमधल्या आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने स्टीलच्या गोळ्यांची युक्ती काढली. आतली वाटी, बाहेरची वाटी, दोन्हींत वक्र खाचा, खाचांत सहा गोळ्या आणि त्यांना धरून ठेवणारा पिंजरा. चाक कितीही वळो, गोळ्या कायम दोन दांड्यांमधल्या कोनाच्या बरोब्बर मध्यावरच्या प्रतलात राहतात. दोन्ही बाजूंना सारखं अंतर, म्हणून दोन्हींकडे सारखा वेग. मला हे वाचून खरंच उठून एक चक्कर मारावी लागली!

पण युक्ती सापडली म्हणजे गाडी खपली असं होत नाही. १९३४ मध्ये सित्रोएनने पुढून ओढणारी 'ट्रॅक्सिओं आवां' घाईघाईत बाजारात आणली. गाडी पुढे गाजली, पण खर्चाने कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, मिशलँच्या ताब्यात आली, आणि १९३५ मध्ये खुद्द आंद्रे सित्रोएन वारला. झेप्पाच्या गोळ्या सामान्यांच्या गाडीत आणल्या त्या १९५९ च्या मिनीने. सुएझच्या पेट्रोलटंचाईनंतर अ‍ॅलेक इसिगोनिसला दहा फुटांत चार माणसं बसवायची होती, म्हणून इंजिन आडवं टाकून ताकद पुढच्याच चाकांना दिली. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी नेला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने.

असो. या सगळ्या हुशारीचं रक्षण काय करतं? एक रबरी घडीदार टोपी, म्हणजे बूट. आत ग्रीस. बूट फाटला की फिरताना ग्रीस बाहेर उडतं, धूळ-पाणी आत जातं, खाचा झिजतात, आणि फुल लॉकवर गोळ्या त्या झिजेवरून उड्या मारतात. कट-कट. दोन महिन्यांपूर्वी मला रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले होते. मी काय केलं? फडक्याने पुसले :-) तेव्हा फक्त बूट आणि ग्रीसवर भागलं असतं.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी हबचा नट सोडवला, खालचा बॉल जॉइंट मोकळा केला आणि अख्खा शाफ्ट बाहेर ओढला. बूट उभा फाटलेला. खाचांत बोट फिरवलं तर खड्डे लागले. 'साहेब, आवाज आला म्हणजे उशीर झाला, आता ग्रीस भरून काही होणार नाही,' ते म्हणाले. जॉइंट नवा टाकला. उजवीकडच्या बुटाला नुसत्या भेगा होत्या, तिथे बूट बदलून भागलं. सगळं मिळून रॅकच्या आकड्याच्या पाव भागसुद्धा नाही.

जुन्या गोळ्या पुसून घरी आणल्या. आजोबांनी पंचवीस वर्षं पद्मिनी चालवली आहे. त्यांनी एक गोळी चष्म्याजवळ धरून बघितली.

'आमच्या गाडीत हे नव्हतं रे.'

'तुमच्या गाडीत क्रॉस होता, आजोबा.'

'तो दोनदा बदललाय मी. दर वेळी आवाज यायचा, आणि दर वेळी मी आधी टायरमध्ये खडा बघायचो.'