विजय तांबे : १९७१ च्या युद्धात न परतलेला वैमानिक

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे भारतीय हवाई दलाच्या ३२ व्या स्क्वाड्रनमधील वैमानिक. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील शोरकोट रोड हवाई तळावर (आताचा रफिकी तळ) हल्ला करताना त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेले. ते परतले नाहीत. युद्धात बेपत्ता झालेल्या भारतीय जवानांच्या यादीत त्यांचे नाव आहे.

मोहिमेची पार्श्वभूमी

३ डिसेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिम भारतातील हवाई तळांवर अचानक हल्ले केले. प्रत्युत्तरादाखल भारताने शत्रूचे तळ निकामी करण्याची मोहीम उघडली. सुखोई-७ हे एकआसनी, एकइंजिनी सोव्हिएत बनावटीचे विमान. बॉम्ब आणि रॉकेटच्या साह्याने जमिनीवरील लक्ष्ये उद्ध्वस्त करणे हे त्याचे मुख्य काम. त्यासाठी वैमानिकाला दिवसाउजेडी कमी उंचीवरून लक्ष्यापर्यंत जावे लागे आणि विमानवेधी तोफांच्या माऱ्यात शिरावे लागे. या विमानांच्या तुकड्यांना युद्धात मोठी किंमत मोजावी लागली.

बेपत्ता म्हणजे काय?

वैमानिक शत्रूच्या भूमीवर कोसळला आणि त्याच्या मृत्यूचा वा कैदेचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही, तर तो बेपत्ता गणला जातो. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी पाकिस्तानने भारतीय युद्धकैद्यांना परत पाठवले. परतलेल्यांत तांबे नव्हते. भारताच्या ताब्यातील सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक व नागरिकही टप्प्याटप्प्याने मायदेशी गेले. भारताच्या ५४ बेपत्ता जवानांचा प्रश्न मात्र मागे राहिला. आपल्या तुरुंगांत एकही भारतीय युद्धकैदी नाही, अशी पाकिस्तानची भूमिका राहिली आहे.

पत्नीचा लढा

तांबे यांचा विवाह होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पुढे त्यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि पतीच्या शोधासाठी अनेक दशके पाठपुरावा केला. पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्या पतीच्या नावाशी मिळतेजुळते नाव छापून आले होते. त्याने कुटुंबाची आशा बळावली, पण शहानिशा झाली नाही. १९८३ आणि २००७ मध्ये बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंगांत जाऊन पाहणी करण्याची मुभा मिळाली. दोन्ही वेळा ते रिकाम्या हातांनी परतले.

हुतात्म्याच्या घरी निदान स्मृतिदिन तरी असतो. बेपत्ता वैमानिकाच्या घरी ५ डिसेंबर ही केवळ अखेरच्या उड्डाणाची तारीख उरते. दुःखाला पूर्णविराम देणारा अधिकृत, सप्रमाण शब्द तांबे कुटुंबाला मिळालेला नाही.