बाप्तिस्म्याविना मृत बालके आणि नरकाची कल्पना

नरकास पात्र कोण, या प्रश्नाबाबत ख्रिस्ती धर्मविचारात बाप्तिस्म्यापूर्वी मृत झालेल्या बालकांमुळे बिकट पेच निर्माण झाला. मूळ पापाच्या सिद्धांतास अनुसरून संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी त्यांना सौम्य का होईना, पण शिक्षाच भोगावी लागते, असे प्रतिपादन केले. १३ व्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्यांस नरकाच्या सीमेवरील वेदनारहित ‘लिंबो’त स्थान दिले. तथापि आयर्लंडमध्ये २० व्या शतकापर्यंत अशा बालकांना पवित्र दफनभूमी नाकारली जाई. त्यांना ‘किलीन’ नामक वेगळ्या जागी पुरावे लागे. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेने, पालकांचा बाप्तिस्म्याचा हेतू असल्यास, धार्मिक अंत्यविधीस अनुमती देण्याची तरतूद केली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने या बालकांच्या मुक्तीची आशा बाळगण्यास आधार असल्याचे नमूद केले. परलोकाविषयीच्या सिद्धांताचा भार इहलोकी शोकाकुल माता-पित्यांनाच वाहावा लागला, हे यावरून स्पष्ट होते.